सोळा आण्यांत तीन आणे हवा

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असे मला कोणी विचारले तर मी हवामापे सरांचे नाव सांगेन. हे त्यांचे खरे आडनाव नव्हे. सांगलीच्या कॉलेजातल्या मुलांनी ते त्यांना ठेवले आणि ते गावात इतके रुळले, की टांगेवाल्याला खरे नाव सांगितले तर तो डोके खाजवायचा आणि हे सांगितले की थेट दारात नेऊन सोडायचा. एकदा परगावचा एक पाहुणा रस्त्यात खुद्द सरांनाच विचारू लागला, हवामाप्यांचे घर कुठे आले. सर म्हणाले, "चला, मीही तिकडेच निघालोय." त्याला घरी आणले, बसवले, पाणी दिले आणि मग विचारले, "बोला, काय काम काढलंत?" तो बिचारा हवामापे घरात कधी येतात याची वाट बघत आणखी थोडा वेळ तसाच बसून राहिला.

सर आम्हाला भौतिकशास्त्र शिकवत. ठेंगणी मूर्ती, गोल चेहरा, काळी टोपी आणि बारा महिने बंद गळ्याचा कोट. कोटाचा डावा खिसा कायम ओघळलेला असे, कारण त्यात एक पितळेची वाटी असे. ही वाटी त्यांनी तांबटाकडे समोर बसून करून घेतली होती. तिचा काठ घासून इतका सपाट केला होता, की वर काचेची पट्टी ठेवली तर मधून केससुद्धा जाऊ नये. लग्नाला निघालेली माणसे टोपी विसरली तर परत फिरतात. सर वाटी विसरली तर परत फिरत.

प्रत्येक वस्तूत हवा किती, एवढाच प्रश्न त्यांना पडे. पिंजारी गादीचा कापूस पिंजू लागला की हे पट्टी घेऊन शेजारी उकिडवे बसणार आणि ढीग किती वाढला ते बघणार. ज्वारीच्या लाह्या, साबणाचा फेस, चुलीवर फुगलेली भाकरी, काहीही त्यांच्या तावडीतून सुटत नसे. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी वाढप्याकडे वाडगाभर राजगिरा मागितला. राजगिऱ्याने काठोकाठ भरलेल्या वाडग्यात टम्म फुगलेली पुरी दाबून बसवायची आणि जेवढा राजगिरा बाहेर सांडेल तेवढे पुरीचे आकारमान, अशी ती रीत. मग तीच पुरी फोडून, चापटून पुन्हा मोजायची. वधूपिता हात जोडून समोर आले तेव्हा सरांनी त्यांना सांगितले, की पुरीत पंधरा आणे हवा आहे आणि एक आणा पुरी आहे. ते ऐकून वधूपिता इतके ओशाळले, की पंगत उठेपर्यंत सरांच्या पानात पुऱ्या पडतच राहिल्या. सरांना त्याचे कारण शेवटपर्यंत कळले नाही. फार आतिथ्यशील माणसं, असे ते पुढे कितीतरी दिवस सांगत.

हा हिशेब ते नेहमी आण्यांतच करत. टक्के म्हटले की माणसे जांभई देतात आणि आणे म्हटले की कान टवकारतात, असे त्यांचे मत होते.

पण त्यांचा खरा जीव होता तो आइस्क्रीममध्ये. उन्हाळ्यातल्या रविवारी मिरजेहून सकाळच्या गाडीने गोणपाटात गुंडाळलेली, भुशात पुरलेली बर्फाची लादी यायची. मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली पॉट मांडला जाई. लाकडी बादली, तिच्यात पत्र्याचा उभा डबा, डब्यात लाकडी पाती आणि वर फिरवायचा दांडा. डब्याभोवती फोडलेला बर्फ आणि खडे मीठ ठासायचे. लढाईचे दिवस होते आणि साखर कंट्रोलची होती, म्हणून आठवडाभर घरातला चहा बिनसाखरेचा होत असे. सरांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणायचो. काकू तो चहा पाहुण्यांपुढे ठेवताना सांगायच्या, की यातली साखर रविवारी मिळेल.

आइस्क्रीम करण्याआधी सर आटवलेले, गार केलेले दूध त्या पितळी वाटीत काठोकाठ भरत, वरून काच फिरवत आणि सराफी काट्यावर वाटी तोलत. आइस्क्रीम झाले की तीच वाटी त्याने भरायची, पोकळी राहू नये म्हणून ठोकून ठोकून भरायची, सुरीच्या पाठीने वरचे काढून टाकायचे आणि पुन्हा तोलायची. वाटी तीच, पण आता ती हलकी भरणार. जेवढी हलकी तेवढी आत हवा. त्यातूनही ते अर्धा आणा वजा करत, कारण पाण्याचा बर्फ होताना ते आपले आपण थोडे फुगते आणि ते पाप हवेच्या माथी मारणे त्यांना बरे वाटत नसे. बहुतेक वेळा उत्तर तीन आण्यांच्या आसपास येई. सोळा आणे आइस्क्रीम, त्यात तीन आणे हवा.

हे सगळे होईपर्यंत बोलावलेली मंडळी चमचे हातात धरून बसलेली असत. आधी वाटी, मग चव, हा घरचा कायदा होता. एकदा तोलून सरांचे समाधान होत नसे. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तोलत आणि मे महिन्याचे सांगलीचे ऊन तोवर आपले काम करत असे. काकू शेजारणींना निमंत्रण देताना म्हणत, "रविवारी आमच्याकडे आइस्क्रीम प्यायला या."

त्यांच्या चुकांची गोष्टही सांगितली पाहिजे. एका उन्हाळ्यात हवा दर रविवारी थोडी थोडी कमी भरू लागली. सर बेचैन झाले. दूध बदलले, दांड्याचा वेग बदलला, म्हैस बदलावी असेही त्यांच्या मनात होते. शेवटी एका सकाळी कॉलेजात येऊन त्यांनी फळ्यावर वाटीचे चित्र काढले आणि तिच्या बाहेरच्या अंगाला ठिपके काढले. गार वाटीवर बाहेरून दव धरते. त्या दवाचे वजन ते इतके दिवस आइस्क्रीमच्या नावावर लिहीत होते. वळीव जवळ येऊन हवा दमट होत गेली तसे दव वाढत गेले. सरांनी हे सगळ्या वर्गाला सांगितले आणि स्वतःच इतके हसले की त्यांना खुर्चीवर बसावे लागले. माणूस स्वतःची चूक सापडल्यावर इतका खूश होऊ शकतो, हे मी तोवर पाहिले नव्हते. आमच्याकडे चूक सापडली की पाठीवर वळ उठायचे.

मी आष्ट्याजवळच्या एका खेड्यातला. तेव्हा आमचा भाग सातारा जिल्ह्यात होता आणि सांगली शहर मात्र संस्थानात. घरी ऊस, गुऱ्हाळ, दोन म्हशी. आमच्या घराण्यात इंग्रजी सातवीच्या पलीकडे गेलेला मी पहिला. कॉलेजात मी शेवटच्या बाकावर बसायचो आणि तोंड उघडायचो नाही. उघडले की आधी 'हाय' आणि 'न्हाई' बाहेर पडे, पुढची मुले मागे वळून बघत आणि मग उरलेले उत्तर माझ्या घशातच राही. लेखी परीक्षेत मार्क बरे पडत. तोंडी परीक्षेत मात्र मी भिंतीसारखा उभा असे.

सरांनी मला हेरले ते माझ्या हातांमुळे. त्यांना दांडा एकाच वेगाने फिरवणारा माणूस हवा होता. पेठेतली मुले सुरुवातीला जोरात फिरवत, मग दमत आणि सरांचे आकडे बिघडत. त्यांनी एक दिवस वर्गात विचारले, की जात्यावर कोणी बसले आहे का. मुले हसली. मी हात वर केला, कारण आई आजारी असताना मी खरेच दळले होते. त्या रविवारी मला निमंत्रण आले.

पहिल्या दिवशी मी जे केले ते आमच्याकडच्याच माणसाच्या हातून होऊ शकते. बर्फ त्या दिवशी कमी आला होता. दुधात म्हशीची घट्ट साय भरपूर होती. सरांनी मला फिरवत राहा म्हणून सांगितले आणि ते काटा साफ करायला आत गेले. मी फिरवत राहिलो. आमच्या घरी अशी फिरवाफिरवी एकाच कामासाठी होते आणि ते काम पुरे झाल्याशिवाय हात थांबवायचा नसतो. पातीला काहीतरी जड लागू लागले तसा मला हुरूप आला. मी झाकण उघडून बघितले आणि आत वर्दी दिली.

"सर, लोणी आलं."

सर बाहेर आले. डब्यात पातळ गोड दूध होते आणि त्यावर केशर-वेलदोड्याचा वास असलेला लोण्याचा गोळा तरंगत होता. चमचे घेऊन बसलेल्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिले. सरांनी गोळा उचलला, पाणी निपटून काढले, तोलला आणि म्हणाले, की यात हवा जवळजवळ नाहीच, फार उत्तम लोणी आहे. काकूंनी त्याचे तूप कढवले. पुढे महिनाभर त्या घरात वरणभाताला वेलदोड्याचा वास येत होता आणि प्रत्येक पाहुण्याला सांगितले जाई, की हे तूप आमच्या आष्टेकराने आइस्क्रीममधून काढले आहे. त्या सांगण्यात कुचेष्टा नव्हती. मी त्या घरचा झालो तो त्या लोण्यामुळे.

पुढच्या खेपेला बर्फ पुरेसा होता. दांडा फिरवताना मला नकळत मी आईच्या जात्यावरच्या ओव्या तोंडातल्या तोंडात म्हणू लागलो. सरांनी कान दिला, घड्याळ काढले, बराच वेळ बघत राहिले. ओवीला दांड्याचे फेरे ठरलेले पडत होते, पहिल्या ओवीला जेवढे तेवढेच शेवटच्या. त्या दिवसापासून त्यांच्या नोंदींत वेगाच्या रकान्यात 'संथ ओवी' आणि 'जलद ओवी' असे शब्द आले. जलद ओवीला हवा जास्त, संथ ओवीला कमी. कॉलेजातल्या दुसऱ्या एका प्राध्यापकांनी हे पाहून नाक मुरडले, तेव्हा सर म्हणाले, की तुमच्याकडे यापेक्षा नेमके यंत्र असेल तर आणून दाखवा.

त्यानंतर फिरवता फिरवता ते मला प्रश्न विचारू लागले. मीठ घातल्यावर बर्फ जास्त गार का होतो, डबा पत्र्याचाच का, बादली लाकडाचीच का. माझे हात गुंतलेले असत, मान खाली असे, समोर हसणारे कोणी नसे, म्हणून मी उत्तर द्यायचो. माझ्याच बोलीत द्यायचो. सरांनी मला एकदाही मध्येच तोडून 'आहे' म्हण, 'नाही' म्हण असे सांगितले नाही. वर्गात मात्र माझे तोंड बंद ते बंदच.

लढाई संपून वर्ष होत आले होते. मी इंटर पास झालो होतो आणि बी.एस्सी.ची दोन वर्षे पुढे होती. त्या मे महिन्यात माझा थोरला मामा पलटणीतून सुटून घरी आला. वडील अबोल होते आणि आमच्या घरात शब्द चाले तो मामाचा. मला आष्ट्याच्या शाळेत त्यानेच घातले होते, त्यामुळे पुढे काय करायचे हेही त्यानेच ठरवायचे, यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. आणि मामाने ठरवले होते. पुण्याला लष्कराच्या डेपोत त्याच्या ओळखीचे साहेब होते. माझ्यासाठी कारकुनाची जागा बघून ठेवली होती. बिछाना बांधायचा आणि त्याच आठवड्यात हजर व्हायचे. आईचा निरोप माझ्यापर्यंत पोचला, त्यात एवढेच होते, की मामा रविवारी न्यायला येतो आहे, तू काही बोलू नकोस.

मला बोलायचे होते. दोन वर्षे पुरी करायची होती. पण मामापुढे मी कधी वर तोंड करून बोललो नव्हतो. मी सरांना सांगितले, की आजचा दांडा शेवटचा. सरांनी विचारले, मामा आइस्क्रीम खातात का.

सुट्टी लागली तरी मी दांड्यासाठी बोर्डिंगवरच राहिलो होतो. मामा तिथे गेला, मी नव्हतो. विचारत विचारत तो सरांच्या मागच्या अंगणात आला तेव्हा मी घामाघूम होऊन दांडा फिरवत होतो. धोतर, खाकी शर्ट, पायात पलटणीतले बूट, मिशा वळवलेल्या. त्याने मला बघितले, बादली बघितली आणि सरांना रामराम घातला.

"मास्तर, राग मानू नका," तो म्हणाला, "पर कालिजात पोरांना आचाऱ्याचं काम शिकिवत्यात, ह्ये मला ठावं नव्हतं."

सरांनी त्याला खुर्ची दिली. मामा खुर्चीच्या कडेवर ताठ बसला. सरांनी आपण काय करतो ते मोठ्या उत्साहाने सांगितले. वाटी दाखवली, काटा दाखवला, तीन आण्यांचा हिशेब सांगितला. मामाने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, की दुधात पाणी घालणारा गवळी आम्ही बघितलेला आहे, पण हवा घालणारा आजच बघतोय. सर म्हणाले, की घालतो खरी, पण विकत नाही. मामाच्या मिशा जराशा हलल्या.

माझे आइस्क्रीम झाले, तोलले गेले आणि मामाने चमचाभर चाखले. मग तो सहज बोलून गेला, की आइस्क्रीम त्याने इटलीत खाल्ले आहे आणि ते असे फुसके नव्हते, चांगले जड होते.

सरांच्या हातातली सुरी खाली ठेवली गेली. मी त्यांना ओळखत होतो. आता मामाची सुटका नव्हती. जड म्हणजे किती जड. चमचा मारला तर आत जायचा की वर अडायचा. मामा म्हणाला, चमचा उभा राहायचा. सर उठून उभे राहिले. कलता की सरळ? वितळायला किती वेळ लागायचा? वितळल्यावर वर फेस राहायचा का? पलटणीत मोठमोठ्या साहेबांपुढे उभा राहिलेला माझा मामा गोंधळला. असली उलटतपासणी त्याची कोणीच घेतली नव्हती. पण प्रश्न विचारणारा माणूस चेष्टा करत नाही, हे त्याला कळले असावे. तो खुर्चीत मागे टेकून आठवू लागला.

डोंगरातले एक गाव होते. लढाई पुढे सरकली होती आणि त्यांची तुकडी तिथे विसाव्याला होती. घराचे छप्पर उडालेली एक म्हातारी पॉट घेऊन दारात बसायची. यांनी तिला आपल्या वाटणीचे डब्यातले दूध आणि साखर द्यायची, तिने आइस्क्रीम करून द्यायचे. ती दांडा कसा फिरवायची, सरांनी विचारले. मामाने हवेत हात फिरवून दाखवला, अगदी सावकाश.

"तिला काय घाई नव्हती," मामा म्हणाला. "आमाला बी नव्हती."

सर मला म्हणाले, ऊठ. आणि त्यांनी मामाला दांड्यावर बसवले. राहिलेले दूध दुसऱ्या घाण्याला घेतले. मामाने बूट काढले, बाह्या सारल्या आणि त्या म्हातारीच्या चालीने दांडा फिरवू लागला. फार वेळ लागला. काकूंनी बिनसाखरेचा चहा आणला तो त्याने तोंड वाकडे न करता प्यायला. अखेर दांडा हलेना तेव्हा सरांनी डबा काढला, वाटी ठोकून भरली, बाहेरून दव पुसले आणि तोलली. पुन्हा तोलली. हवा सव्वा आणा भरली. सरांनी चमचा घेऊन वाटीत खोचला. चमचा थोडा कलला आणि उभा राहिला.

मामाने एक घास तोंडात घातला आणि चमचा पुन्हा वाटीत उभा करून ठेवला.

"माज्या टोळीत वडूजकडचा एक गडी हुता," तो म्हणाला. "मेंढरामागं फिरल्याला. असलं कायबी त्येनं जल्मात बघितलं न्हवतं. त्या म्हातारीच्या दारात बसून लय खाल्लं त्येनं. तिला म्हनायचा, आये, आमच्या गावाकडं चल." मामाने वाटी खाली ठेवली. "त्यो तिकडंच ऱ्हायला."

सरांनी दुसरी वाटी भरली, भरताना ठोकली नाही, वर सुरी फिरवली नाही आणि काट्यावर न ठेवता ती मामाच्या हातात दिली. मी त्या घरात कितीतरी रविवार काढले. न तोललेली वाटी बाहेर पडलेली मी तेवढी एकदाच पाहिली. काकूंनी सरांकडे बघितले आणि त्या आत निघून गेल्या.

मामाने ती वाटी संपवली. मग म्हणाला, "मास्तर, ह्ये असं का हुतं? दूध त्येच, बर्फ त्योच. निसता हात हळू फिरला तर येवढा फरक?"

सर म्हणाले, "तुमचा भाचा सांगेल."

मी सरांकडे बघितले. ते काटा पुसण्यात गढून गेले होते. मामा माझ्याकडे बघत होता. माझे हात या वेळी मोकळे होते आणि त्यांचे काय करावे ते मला कळेना. सुरुवात कशी झाली ते आता आठवत नाही, पण मी बोलू लागलो.

"मामा, आई ताक करती तवा रवी जोरात फिरली की वर फेस येतो का न्हाई? त्यो फेस म्हंजी हवा. ताकातली हवा निघून जाती, कारण ताक पातळ हाय. हितं दूध गोठत असतं. फिरवताना आत शिरल्याली हवा बाहीर पडायच्या आधी दूध घट्ट हुतं आन ती आत कोंडती. तू सावकाश फिरवलंस. हवा लय शिरलीच न्हाई. म्हणून जड."

"मंग हवा वाईट म्हन की."

"वाईट न्हाई. अजिबात हवा नसंल तर नुसता दगूड हुईल, दात लागायचा न्हाई. जिभेला सोसंल एवढी हवा पायजे. किती, ती माणसानं ठरवायची. ठरवायची तर आधी मोजाय पायजे."

मामाने आणखी विचारले. मीठ का, लाकडी बादली का, दवाचे काय. मी सांगत गेलो. मध्येच माझ्या लक्षात आले, की मी उभा राहून बोलतो आहे, मोठ्याने बोलतो आहे आणि मामा मान डोलवत ऐकतो आहे. माझ्याहून वयाने आणि मानाने मोठ्या माणसाला मी त्याला ठाऊक नसलेले काही सांगतो आहे आणि त्यात अपमान कोणाचाच नाही. मग जे तोंडातून निघणार नाही असे वाटत होते तेही निघाले.

"मामा, मला पुण्याला जायाचं न्हाई. मला ह्ये पुरं करायचं हाय."

मामाने सरांना विचारले, "दोन वर्सांत ह्ये समदं शिकून हुतं?"

"नाही," सर म्हणाले. "दोन वर्षांत फक्त परीक्षा होते."

मामा हसला. पलटणीतून परत आल्यापासून तो हसलेला मी पाहिला नव्हता. त्याने बूट चढवले, नाड्या बांधल्या आणि काकूंना हाक मारून निरोप घेतला. दारात थांबून मला म्हणाला, की पुण्याच्या साहेबाला तो कळवून टाकेल, पोरगं सध्या कामात आहे. एवढेच. घरी गेल्यावर त्याने आईला काय सांगितले ते मला माहीत नाही, पण महिन्याने तिने गुळाची ढेप पाठवली, तिच्याबरोबर 'मास्तरासाठी' असा निरोप होता. सरांनी ती आधी राजगिऱ्यात पुरून मोजली.

त्या दिवसाबद्दल सर पुन्हा कधी बोलले नाहीत. जूनमध्ये कॉलेज उघडले तेव्हा पहिल्याच तासाला त्यांनी मला उभे करून प्रश्न विचारला. मी 'हाय' म्हणालो. पुढची मुले वळली. मी उत्तर पुरे केले.

बी.एस्सी. झाल्यावर मला सातारच्या एका हायस्कुलात शास्त्रशिक्षकाची जागा मिळाली. तिथून सरांना मी जे पहिले पत्र लिहिले, त्याची कच्ची प्रत माझ्याजवळ आहे. कच्ची प्रत काढायची सवय त्यांचीच. ती जशीच्या तशी देतो.

सातारा.

तीर्थस्वरूप सरांस कृतानेक साष्टांग नमस्कार.

मी येथे येऊन रुजू झालो. किल्ल्याच्या बाजूला खोली मिळाली आहे. शाळेत काटा आहे पण वजने अपुरी आहेत, ती मागवण्यास हेडमास्तरांनी संमती दिली आहे. मुले चांगली आहेत.

निकाल कळला त्या दिवशी मी गावी होतो. मामाने सांगलीहून पॉट भाड्याने आणला होता. भावकी आणि वाडीची मिळून बरीच मंडळी जमली. दांडा मामाने कोणाला हात लावू दिला नाही. आईने पहिला घास तोंडात घेतला आणि दात सणकले म्हणून डोळे मिटले. तिने दुसराही घेतला. वडिलांनी वाटी पुढे केली आणि आणखी थोडे घाल म्हणाले. सर, माझ्या आठवणीत वडिलांनी पानावर बसून मागितलेली ही पहिलीच गोष्ट आहे.

आपण माझ्यासाठी काय केले ते मला लिहिता येईल असे वाटले होते. तीन कागद फाडले. समक्ष भेटीत प्रयत्न करीन.

मुख्य मजकूर पुढे आहे. माझी धाकटी बहीण तारा हिला मामाने आष्ट्याच्या शाळेत घातले. आई नको म्हणत होती, घरात काम पडते म्हणून. मामा स्वतः हाताला धरून तिला घेऊन गेला. तिथे त्याने गुरुजींना विचारले म्हणे, की तुमच्या शाळेत पोरांकडून नुसते लिहून घेता, का त्यांना बोलतेही करता? गुरुजींना राग आला असे कळले. तरी नाव घातले.

तारा शाळेतून आल्यापासून मामाला सारखे विचारते, की पाण्यात मीठ विरघळते तेव्हा ते जाते कुठे. मामाला ते सांगता येत नाही. म्हणून येत्या रविवारी तो तिला घेऊन आपल्याकडे येण्याचे म्हणतो आहे. बर्फ मिरजेहून तोच आणील. आपण घरी आहात का, ते उलट टपाली कळवावे. मात्र त्याची एक विनंती आहे, ती त्याने मला दोनदा बजावून लिहायला सांगितली. तिला आपण काही समजावून सांगू नये, तिच्याकडूनच वदवून घ्यावे. वेळ लागला तरी चालेल, तो बसून राहील.

काकूंना नमस्कार.

आपला विद्यार्थी